सत्यशीलाबाईंची गप्पसुट्टी

सलग पाच तास दुसऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसलाय का कधी? ओठ हलले की शब्द पकडायचा, निसटला तर अंदाजाने भरायचा, तोवर पुढचं वाक्य पसार. नाही ना बसलात? मग घरी येऊन दप्तर भिरकावणाऱ्या पोरीला 'माजलीय' म्हणण्याआधी सत्यशीलाबाईंची गोष्ट ऐका. त्यासुद्धा आधी तेच म्हणत होत्या.

सत्यशीला रणपिसे हडपसरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होत्या. सन दोन हजार दोन. शेतं होती तिथं काचेच्या इमारती उठत होत्या, आणि आत मांडायच्या कॉम्प्युटरांचे पत्र्याचे डबे तिथल्या बायका दाबून काढत होत्या. मुलगी आम्रपाली सहावीत. तिसऱ्या वर्षी तापात ऐकू येणं गेलं ते गेलंच. दोन्ही कानांना मशीन. बाईंनी तिला हट्टाने साध्या शाळेत घातलं आणि घरात एकच कायदा केला. सकाळी लावलेलं मशीन झोपेपर्यंत उतरायचं नाही. "माझ्या पोरीला कुणी बहिरी म्हणता कामा नये." शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की कॉम्प्युटरचा क्लास. पोरगी हुशार होती, पळत होती.

दिवाळीनंतर पळेनाशी झाली. घरी आली की कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन बसायची. ताटावर रडायची. आणि एके दिवशी भर वर्गात तिनं दोन्ही मशीनं काढून कंपासपेटीत ठेवली आणि बाकावर डोकं टेकलं.

मुख्याध्यापक रंगनाथसरांनी बोलावणं धाडलं. "अहो, समजलं की नाही विचारलं तर हो म्हणते, आणि वहीत काहीच नसतं. आठ दिवस बघतो. नाहीतर मूकबधिर शाळेत घाला. तिथं तिचंही बरं होईल, आमचंही."

"तुमचं बरं व्हावं म्हणून नाही घातली इथं," बाई म्हणाल्या आणि उठल्या. पण घरी येऊन राग काढला तो पोरीवरच. "मशीन का काढलंस?"

"थकले."

"बाकावर बसून थकलीस? मी आठ तास उभी असते!"

आम्रपालीनं आईच्या ओठांवरून नजर काढून घेतली. त्या घरात हे दार आपटण्यासारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेसवर. तिथला धडधडाट असा, की सगळ्या बायका कानांत रबरी बोळे घालून काम करायच्या आणि ओठांवरून बोलायच्या. नवा सुपरवायझर आला होता, मिशा थेट ओठांवर आलेल्या. तो काहीतरी म्हणाला. बाईंना काडीचं कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मान डोलावली आणि भलत्याच मापाच्या पत्र्यांची थप्पी लावली. मग त्याचं ओरडणं मात्र मिशीतूनही कळलं.

जेवायच्या सुट्टीत शेजारच्या प्रेसवरची गोदाबाई काहीतरी बोलली, तशा बाई फिस्कारल्या, "गप बस की जरा!"

"अगं बया, लोणचं घे म्हटलं, जीव नाही मागितला!" गोदाबाई हसली. "रोजचंच तुझं. तुझं कशाला, माझंही. घरी गेल्यावर नवऱ्याचा आवाज पण नको वाटतो. तोंडं वाचून वाचून डोक्याचा भुगा होतो. म्हणून तर गप्पसुट्टी."

गप्पसुट्टी या बायकांनीच भांडून मिळवलेली. दर दोन तासांनी दहा मिनिटं गोदामामागे बसायचं, बोळे काढायचे, कुणी कुणाशी बोलायचं नाही. नवी बाई बोलली तर जुनी तिला कोपर मारायची.

बाईंचा घास हातातच राहिला. न कळता डोलावलेली मान. पोरगी सकाळी सातपासून रात्रीपर्यंत हेच करत होती. तिला गोदाम नव्हतं. घरी तर खुद्द आई पहाऱ्याला उभी होती.

सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या शाळेत. "सर, पत्रा दाबणाऱ्या बाईला दोन तासांनी दहा मिनिटं मिळतात. तुमच्या शाळेत माझ्या पोरीला?"

"मधली सुट्टी आहे की!"

"त्या सुट्टीत चारशे पोरं किंचाळतात. ती सुट्टी त्यांची."

सरांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी पर्समधून नवे बोळे काढून टेबलावर ठेवले. "एक तास घालून वर्गात बसा. मग सांगा कुठल्या शाळेत घालू."

सरांनी हात लावला नाही. तिथंच वह्या तपासत बसलेल्या आम्रपालीच्या वर्गशिक्षिका भाग्यश्रीबाईंनी उचलले. कानांत घालून शेजारच्या वर्गात इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. घंटा झाल्यावर बाहेर आल्या, आधी पाणी मागितलं. वही पुढे केली. साडेचार ओळी. "इतिहासाचे सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, सर. मीही तेच करते." मग म्हणाल्या, "प्रयोगशाळेमागची खोली रिकामी असते. आणि आठ दिवसांचं ते राहू द्या."

सर कुरकुरले, पण किल्ली दिली. दर दोन तासांनी दहा मिनिटं ती खोली आम्रपालीची.

शाळेशी भांडणं बाईंना जड नव्हतं. जड होतं ते घरी. त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास बंद केला. पोरगी आली की स्वतःच्या हाताने तिची मशीनं उतरवून डबीत ठेवायला लागल्या. शेजारीण म्हणाली, "हाका मारतेय, ऐकत नाही बहिरी." बाईंचा हात शिवशिवला. पण म्हणाल्या, "सुट्टीवर आहे ती. चहानंतर या."

पंधरा दिवसांनी आम्रपाली फटीतून आपणहून बाहेर आली आणि आईच्या हनुवटीला धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. "आता बोल," म्हणाली. त्या वर्षी ती वर्गात बाविसावी आली, पण त्याच वर्गात. निकालाच्या दिवशी बाईंनी प्रेसवर पेढे वाटले. ओठांवरून अभिनंदन झालं, ते त्यांना एकदाही चुकीचं कळलं नाही.

अशी खोली शाळा आपणहून देत नाही. तुमच्या पोराच्या वर्गात मशीन लावणारं एखादं लेकरू असेल, तर उद्या शाळेत जा आणि त्याच्यासाठी रिकामी खोली आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं मागा. किल्ली मिळेपर्यंत उठू नका.