मांडीवर धागा वळणारी

आंधळगावात आमच्या समोरच्या ओसरीवर एक बाई रोज सकाळी कोशाचा रेशीमधागा काढत बसायची. परातीत रेशीमकिड्यांचे उकडलेले कोसे, एक पाय लांब केलेला आणि तळहाताने मांडीवर धागा वळणं चाललेलं. मी विचारायची, "काय मावशी, चहा झाला का?" हातातला कोसा संपेपर्यंत ती मान वर करायची नाही. मी जुनी मॅट्रिक झालेली सून, म्हणजे तहसीलदारापेक्षा एकच बोट खाली! मला तो अपमान वाटे. तिचं नाव विचारायचं तर सुचलंच नाही.

त्या वर्षी माझी चौथीतली लेक सहामाहीला गणितात नापास झाली होती. वार्षिकात तसंच झालं तर तिला त्याच वर्गात ठेवणार होते. म्हणून मी तिला अंगणात अभ्यासाला बसवी आणि डोक्यावर उभी राही. "ताठ बस. अक्षर पाहा कसं! दूध पिते का? झालं का गणित?" वर शेजारणींना सांगे, पोरीचं लक्षच लागत नाही हो.

एकदा कोसा संपल्यावर ती बाई हात पुसत म्हणाली, "बाई, मधात कोणी बोललं त माहा धागा तुटते. तुमी त पोरीचा दर घडीले तोडून राहिल्या."

राग आलाच. खरं होतं ना!

दुसऱ्या दिवशी मी तोंडात अख्खी सुपारी धरून गप्प बसले. लेकीने सलग तीन गणितं सोडवली, तिन्ही बरोबर. मग मान वर करून घाबरत विचारलं, "आई, तुले बरं नाही वाटून राहिलं का वं?"