पिशवीबद्दल तक्रार आहे

माझ्या मावशीच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर ती डोक्यालाही आहे. चहा उकळायला ठेवून ती कपाट आवरायला घेते, कपाट अर्धवट टाकून गॅलरीत कुणाशी तरी बोलायला जाते, आणि चहा उतू जातो. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे अल्टर केले, लांबाचे आखूड आणि घट्टाचे सैल. डोळे दुखायला लागल्यावर शिलाई मशीन मुलीला दिलं, आणि मग रिकाम्या हातांनी ती घरात कुणालाच चैन पडू देईना.

शेवटी मुलीने, म्हणजे माझ्या मावसबहिणीने, तिचं नाव वाचनालयातल्या लेखनवर्गात घातलं. मावसबहीण आईच्या अगदी उलट, शांत आणि सगळं मनाला लावून घेणारी. ऑफिसातली नोकरी सोडून ती कापडी पिशव्या शिवून ऑनलाइन विकायला लागली होती. ऑर्डरी तुरळक येत होत्या, पण तिचा सगळा जीव त्या दुकानात अडकलेला होता.

एकदा वर्गाच्या बाईंनी गृहपाठ दिला: घरातल्या एखाद्या वस्तूचे विनोदी रिव्ह्यू लिहा, पण दुसऱ्यांच्या तोंडून. वर म्हणाल्या, अनोळखी माणसाने वाचल्याशिवाय लिखाणाचा कस लागत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन वहीत लिहिलं. मावशीने बाईंचा शब्द न् शब्द खरा मानला. समोर मुलीची पिशवी होती, तिच्यावरच लेखणी चालवली आणि लिहिलेलं थेट दुकानाच्या पानावर टाकलं. एका मोबाईलवरून एकच रिव्ह्यू टाकता येतो हे कळल्यावर ती शेजारणींचे मोबाईल मागत सुटली. माझाही नेला, जरा हवामान बघते म्हणून.

लिहिलं होतं मात्र झकास. एक नवरा म्हणत होता, पिशवी फाटली ही बाजारात न जाण्याची माझी एकुलती एक सबब होती, ही मेली फाटतच नाही. एक सासू म्हणत होती, सुनेचा अख्खा संसार हिच्यात मावला आणि ती माहेरी निघून गेली. सून राहू दे, पिशवी तेवढी परत मिळवून द्या. एका चोराचं म्हणणं होतं की पट्टा कापताना ब्लेड बोथट झालं, तुम्ही फक्त ग्राहकांचाच विचार करणार का? आणि तक्रार म्हटली की तारेही तक्रारीचेच हवेत, म्हणून प्रत्येकाने पिशवीला पाचपैकी एकच तारा दिला होता.

मावसबहिणीने फक्त तारे पाहिले. पहिला बघूनच तिला खालचं वाचायची हिंमत झाली नाही. नव्या ऑर्डरी थांबल्या. तिचं खाणं-पिणं सुटलं. मग एके दिवशी तिने शांतपणे सांगितलं, लोकांना माझं काम आवडत नाही, जुन्या ऑफिसात परत विचारते. मशीन विकायला काढलं होतं आणि संध्याकाळी ते न्यायला माणूस येणार होता.

मावशीने मला गॅलरीत ओढलं आणि तारे कमी पडले की काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला आणि ते रिव्ह्यू आपलेच असल्याचं तिने मला सांगून टाकलं. ती स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली, खुर्ची सरकवली, परत होती तिथे ठेवली. कुणाला न कळवता रिव्ह्यू काढून टाकता येतील का, असं तिचं चाललं होतं. मला तिचा रागच आला. शेजारपाजारचे मोबाईल गोळा होईपर्यंत मशीन जिना उतरलेलं असेल, म्हटलं, आत जा आणि सांग.

तिने सांगितलं, उभ्याउभ्याच, पदराशी चाळा करत. मावसबहिणीने मोबाईल उघडून सगळे रिव्ह्यू पहिल्यांदाच वाचले. चोरापाशी तिचे ओठ जरासे हलले, पण ती हसली नाही.

"नवरा बोलला, सासू बोलली, चोरसुद्धा बोलला," ती म्हणाली. "तुला कशी वाटते पिशवी?"

  मावशीने पिशवी उचलली, उलटी केली आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"आतूनसुद्धा सरळ शिवतेस तू," ती म्हणाली. "मी माझं काम कधी आतून बघितलंच नाही. आत कोण बघतंय, म्हणून रेटून न्यायचे. तुझी शिवण बघितली की मला हेवा वाटतो गं. तो कसा सांगायचा? म्हणून चेष्टा केली."

मावसबहिणीने मशीनवाल्याला फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं. मग आईच्या हातातली पिशवी घेऊन सुलट केली.

"चोराच्या आधी तू बोलली असतीस," ती म्हणाली, "तर मी त्या ताऱ्यांकडे बघितलंही नसतं."

मावशी खाली बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही.