नियमपुस्तिकेचं चौथं पान

ही गोष्ट मी पन्नासहून अधिक वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा वाटलं, आता ऐकणारं माणूसच उरलं नाही, विषय मिटला. पण तो मिटला नव्हता. हॉलंडमध्ये रायस्वाइकला मुलाच्या घरी, सगळं जग दारं लावून बसलेलं असताना, नातीने जेवणाच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा आणून ठेवला आणि तो विषय पुन्हा माझ्यासमोर आला.

नात तेव्हा लायडनला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. विद्यापीठ बंद झाल्यामुळे तिथली खोली सोडून घरी आली होती. मुलगा वरच्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून दिवसभर मीटिंगा करायचा, सून मागच्या खोलीत तेच करायची. मी खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सायकली मोजायचो. दिवसाला वीसही होत नसत.

"आजोबा, तुला रूल्स आवडतात ना?" नात म्हणाली. "मग हे माझ्याबरोबर वाच. डचमध्ये आहे, मी सांगते."

तिला ते गमतीने म्हणायचं होतं, पण ते खरं आहे. मी कलेक्टर कचेरीत छत्तीस वर्षं काढली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. नियम वाचणं हे माझं काम होतं. इथे येतानाही मी लाल-निळी पेन्सिल बरोबर आणली होती.

गठ्ठा इथल्या सैन्याच्या एका योजनेचा होता. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना सैन्य शिकत असतानाच आपल्यात घेतं. फी सैन्य भरतं, दरमहा भत्ता देतं. त्याबदल्यात पदवीनंतर ठरलेली वर्षं सैन्याचा डॉक्टर म्हणून काम करायचं. तिला अर्ज करायचा होता. मुदत जूनअखेरीची होती.

त्या संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघरात आला. नात वर होती. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुमचं ती ऐकते. एवढ्या कागदांत एखादा नियम सापडेलच. असा काढा की तिचं तिलाच वाटेल, नको हे."

मी विचारलं, कसला नियम?

"कसला का असेना. आयुष्यभर लोकांचे अर्ज फेटाळलेतच ना तुम्ही? आणखी एक."

तो हसत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की तो नेमकं काय मागतोय. एका मुलीचा असाच एक अर्ज मी पूर्वी फेटाळला होता, आणि तोही घरातच.

ती माझी धाकटी बहीण. आम्ही मिरजेचे. वडील एका दवाखान्यात कंपाउंडर होते. बहीण शाळेतून सुटली की तिथे जाऊन बाटल्या धुवायची, पट्ट्या गुंडाळायची. अकरावी झाल्यावर तिने वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून अर्ज केला: सैन्याच्या रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण. राहणं, जेवण, गणवेश सगळं फुकट, वर थोडा भत्ता, आणि नंतर पाच वर्षं नोकरी करायची, असा बाँड. पुण्याला जाऊन ती लेखी परीक्षा पास झाली. मग घरी एक लिफाफा आला. त्यात मुलाखतीचं पत्र होतं, वडिलांच्या सहीसाठी बाँडचा नमुना होता आणि नियमांची सहा पानांची पुस्तिका होती. सगळं इंग्रजीत.

घरात इंग्रजी येणारा मी एकटाच. कचेरीत लागून मला वर्षही झालं नव्हतं. वडिलांनी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वाचून सांग.

इथे आमच्या कचेरीतली एक रीत सांगितली पाहिजे. प्रत्येक सरकारी आदेशाच्या डोक्यावर "वाचा" असं लिहून खाली आधीच्या आदेशांची यादी असते. त्यातलं आम्ही काहीच वाचत नसू. यादी जुन्या फायलीवरून उतरवायची, खाली टिपणी लिहायची, सही करायची. हे मी पहिल्या महिन्यातच शिकलो होतो. पुस्तिकेची दोन पानं मी वाचली आणि बाकीचं मनानेच सांगितलं. म्हणालो, तीन वर्षं घरी यायला मिळत नाही. आजारी पडून सोडलं तरी सगळा खर्च आपल्याकडून वसूल करतात. घरी न यायचं ऐकल्यावर आई उठून आत गेली. वडील नमुना लिफाफ्यात परत घालून म्हणाले, नको मग.

बहिणीने मला एवढंच विचारलं, "दिवाळीलाही नाही, दादा?"

मी म्हणालो, नाही.

असं का केलं याचं उत्तर मी बरीच वर्षं आळस असं देत आलो. ते पुरं नाही. आदल्या वर्षी मी स्वतः सैन्यात भरती व्हायला गेलो होतो. तळवे सपाट आहेत म्हणून त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. गल्लीत सगळ्यांना ते कळलं होतं. आणि आता त्याच सैन्याचं पत्र बहिणीच्या नावाने आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका कचेरीत नेली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळी वाचली. चौथ्या पानावर रजेचे नियम होते. दर वर्षी घरी जायला रजा, आणि जाण्यायेण्याचं रेल्वेचं भाडं सैन्याकडून. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की वैद्यकीय कारणाने शिक्षण सोडावं लागलं तर काही वसूल केलं जाणार नाही. बाँड सही करून पाठवायच्या मुदतीला तीन दिवस बाकी होते. घरी जाऊन सांगितलं असतं तर वडिलांनी सही केली असती. पण एकदा मारलेला शेरा मागे घ्यायचा नाही, हेही मी त्याच कचेरीत शिकलो होतो. तीन दिवस मी नेमाने घरी गेलो, जेवलो, झोपलो. पुस्तिका कचेरीच्या टेबलाच्या खणात राहिली.

तर आता नातीचे कागद. मुलाला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या सकाळपासून आम्ही वाचायला बसलो. ती एकेक वाक्य डचमधून इंग्रजीत आणि जमेल तसं मराठीत करायची, मी वहीत क्रमांक घालून उतरवायचो. एकही ओळ सोडायची नाही, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तळटीपासुद्धा.

आणि मला खरंच त्यात रस वाटायला लागला. किती गोष्टी मला माहीत नव्हत्या. सैन्यातल्या डॉक्टरला आधी थोडे आठवडे शिपायासारखं चिखलातून रांगायला लावतात. त्याच्याजवळ हत्यार असतं, पण ते फक्त स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावासाठी. समोर जखमी शत्रू आला तर त्यालाही तपासायचं, आणि कोणाची जखम मोठी तो आधी, आपला-परका बघायचं नाही. मी तिला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. परीक्षेत एकदा नापास झालं तर काय? एक संधी. लग्न झालं तर? काही विचारत नाहीत. मूल झालं तर? रजा, आणि तेवढी मुदत पुढे जाते. मध्येच मन बदललं तर? त्याचं अख्खं दीड पान होतं. ते आम्ही दोन दिवस वाचत होतो, कारण त्यात "वगळून" हा शब्द तीन वेळा आला होता आणि काय वगळून काय उरतं हे लागेना. शेवटी मी सुचवलं की तिथे फोन करूनच विचारावं. तिने केला. पलीकडच्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि हसून विचारलं म्हणे, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, तुझ्या घरात वकील आहेत का?

"क्लार्क आहे म्हटलं," नात म्हणाली.

वैद्यकीय तपासणीच्या पानावर पायांचा उल्लेख होता. नातीने मोजा काढून पाऊल माझ्यासमोर धरलं. "बघ, माझे पण तुझ्यासारखेच आहेत. बाबा म्हणतो बदकासारखे." मी घाबरून पुढची ओळ वाच म्हणालो. पुढे लिहिलं होतं की चालताना त्रास होत नसेल तर हरकत नाही. ती सुट्टीला लायडनहून सायकलवरून घरी येणारी मुलगी, तिला कसला त्रास. मी मात्र त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

दर रविवारी मिरजेला फोन व्हायचा. बहीण लग्न होऊन त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे राहिली होती. वडिलांच्या दवाखान्यात शिकलेलं इंजेक्शन ती आयुष्यभर शेजारच्यांना देत आली. मोठ्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं आणि हिने टोचायचं. मुलं तिला सुईमावशी म्हणत. त्या दिवसांत ती सत्तरीची होती आणि गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या वेळेवर जातात की नाही याची वही ठेवत होती. मी घरात बस म्हणून रागवायचो. ती म्हणायची, तू तिकडे बसलायस ना, दोघांचं मिळून पुरे झालं.

त्या रविवारी नातीने फोन टेबलावर उभा केला आणि आपल्या आत्याआजीला सगळं सांगितलं. अर्धं इंग्रजीत. बहिणीला सगळं कळलं.

"म्हणजे तुला मिलिटरीत जायचंय? आणि शिकवणार पण तेच?" ती म्हणाली. मग स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "रजा किती देतात गं?"

नातीने वही बघून सांगितलं.

"घरी यायला मिळतं ना पण? नीट बघ हां. आमच्या वेळेला नव्हतं मिळत. तीन वर्षं नाही म्हणजे नाही. दादाने वाचलं होतं ना सगळं. आई किती रडली होती."

मी नातीच्या शेजारी होतो. कॅमेऱ्यात माझा खांदा दिसत असणार.

नात म्हणाली, "आत्ताचं पण आजोबानेच वाचलंय. प्रत्येक पान."

"मग झालं," बहीण म्हणाली. "त्याने वाचलं म्हणजे बघायला नको."

त्यानंतर ती आंब्यांबद्दल बोलली. यंदा पेट्या आल्या पण उतरवून घ्यायला माणसं नाहीत, असं काहीतरी.

जूनमध्ये मी वही मुलासमोर ठेवली. त्याला सांगितलं की फायदे एवढे आहेत, अटी एवढ्या आहेत, आणि एक अट जड आहे: तिला परदेशी तळावर पाठवू शकतात आणि ती नाही म्हणू शकणार नाही. नातीलाही हे मी याच शब्दांत सांगितलं आहे. तिला परत पाठवेल असा नियम मला सापडला नाही. तो चिडला. "बाबा, तुम्हाला एक साधं काम सांगितलं होतं." मग वही उघडून वाचत बसला. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी मोजकंच बोलला आणि तिसऱ्या दिवशी नातीबरोबर बसून त्याने अर्ज तपासून दिला. तिची निवड झाली.

पण खरी गोष्ट अर्जाची नाही, बहिणीला सगळं कबूल करायला मी लिहिलेल्या पत्राची आहे. त्या रविवारच्या फोननंतर चार दिवस लागले मला ते लिहायला. फोनवर जमलं नसतं, तिच्या मागे कोणी ना कोणी असायचं. खरं म्हणजे तिचा चेहरा समोर नको होता. पत्र घेऊन मी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधल्या टपालाच्या खिडकीवर गेलो. जमिनीवर चिकटवलेल्या खुणांवर दीड दीड मीटर अंतर ठेवून उभा राहिलो. काचेमागच्या मुलीने पत्ता वाचला आणि पाकीट खालच्या फटीतून परत सरकवलं. विमानं नाहीत, भारताचं टपाल सध्या बंद आहे, म्हणाली. कधी सुरू होईल ते तिला माहीत नव्हतं. मला हलकं वाटलं. हेही लिहून ठेवलं पाहिजे की घरी येताना मला हलकं वाटलं.

टपाल पुढे सुरू झालं. मुलाने मला ते सांगितलंही. तोवर पाकीट माझ्या खणात होतं आणि मी स्वतःला सांगत होतो की आता विमानं सुरू होतील, समोर बसूनच सांगू. दर रविवारी फोन होत होता. बहिणीने कुठून तरी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र मिळवलं होतं. ती गल्लीत दाराबाहेर उभी राहून प्रत्येकाला हात पुढे करायला लावायची आणि आकडा वहीत लिहायची. मला आकडे वाचून दाखवायची. नातीने एकदा तिला विचारलं की चौऱ्याण्णवच्या खाली कोणी आलं तर काय करतेस. तिने जे सांगितलं ते ऐकून नात मला म्हणाली, "आजोबा, ही तर प्रॉपर नर्स आहे."

दुसऱ्या लाटेत ती स्वतः आजारी पडली. तिचा आकडा तिच्या मुलाने फोनवर सांगितला. नवव्या दिवशी ती रुग्णालयात वारली. तिची वही मुलाकडे आहे. शेवटच्या पानावर तिचेच आकडे आहेत, सहाव्या दिवसापर्यंत, तिच्याच अक्षरात.

पत्र अजून माझ्याकडे आहे. नात आता गणवेशात घरी येते, रजा मिळाली की. मागच्या खेपेला मी ते तिला वाचून दाखवलं, कारण घरात ते कोणालातरी माहीत असायला हवं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती पुस्तिका कुठे आहे? मी सांगितलं की ती खणातच राहिली, पुढे बदली झाली. पत्र मोठं नाही. ते असं आहे:

"चि. बाळीस, अनेक आशीर्वाद. तुझ्या त्या पुस्तिकेत सहा पानं होती. मी दोनच वाचून तुला नाही म्हटलं. चौथ्या पानावर लिहिलं होतं की दर वर्षी घरी यायला मिळतं, दिवाळीलाही आली असतीस. मी ते दुसऱ्याच दिवशी वाचलं. तीन दिवस हातात होते आणि मी गप्प बसलो. त्यांनी मला घेतलं नव्हतं आणि तुला बोलावलं होतं, एवढंच त्याचं कारण. यात तुझी, आईची, वडिलांची कोणाचीच चूक नव्हती. चूक माझी आहे. मला क्षमा कर."