पाय मोकळे राहावेत म्हणून

लाकूड कातणाऱ्या खरादी माणसाचे पाय सुताराच्या हातांपेक्षा जास्त कामाचे असतात, हे मला लग्नाआधी कोणी सांगितले नव्हते. नंदुरबारला सासरी आले तेव्हा ओसरीत जमिनीलगत मांडलेला खराद पाहिला: दोन लोखंडी टोकांच्या मध्ये लाकूड अडकवलेले आणि त्याला दोरीचा एक वेढा. मी समोर बसून दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढायची, लाकूड एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरायचे. हे जमिनीवर बसून उजव्या हातात पटाशीची मूठ धरत आणि तिचे पाते डाव्या पायाच्या अंगठ्याने व शेजारच्या बोटाने दाबून लाकडावर नेत. तो अंगठा कातड्यासारखा निबर होता, पण केसाएवढा फरक ओळखायचा. लाटणी, ताकाच्या रव्या, पाळण्याच्या दांड्या, सगळे त्या अंगठ्याच्या धाकात तयार होई.

दोरी ओढताना पुस्तक उघडून बसता येत नाही, एवढीच माझी त्या धंद्याबद्दल तक्रार होती. मी मराठी शाळा पुरी केली होती आणि वाण्याकडून पुड्या येत त्यांचे कागदही दोन्ही बाजूंनी वाचत असे. पण दोरी हातात असली की लक्ष तिच्यातच राहते. पटाशी जरा जास्त रुतली की दोरी जड होते आणि ओढणाऱ्याचा हात आपोआप ढिला पडतो. यांना “थांब” म्हणावेच लागत नसे. त्यांनी तोंड उघडायच्या आत लाकूड थांबलेले असे.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडे आधी कलेक्टरसाहेब धुळ्याहून गावात येणार असे ठरले. बाजारपेठेतले एक मारवाडी शेठजी स्वागताचे पुढारी झाले. साहेब घटकाभर ज्या मांडवाखाली बसणार त्याचे खांब बांबूचे असले तर सरकारचा पाया खचेल, असा त्यांचा समज असावा. खांब सागाचे हवेत, माणसाहून उंच, वरपासून खालपर्यंत कातलेले.

“सुरतवाले करून देतात,” शेठजी ओसरीच्या पायरीवर उभे राहून म्हणाले. “मी म्हटलं, आपल्या गावात खरादी आहे तर बघावं. पण तुमची ही मशीन म्हणजे, भाऊ, खेळणं आहे.”

त्या दिवशी जेवताना यांची भाकरी हातातच राहिली. हातभराहून लांब लाकूड आमच्या खरादावर बसत नव्हते. घरोघरी झोपाळ्याचे खांब आणि जिन्याचे कठडे सुरतेहून येत, आणि ते रस्त्यातून जाताना हे दारात उभे राहून पाहत. त्यांत कुठे पटाशी घसरली आहे, ते मला दाखवत.

गावाबाहेरचे, कापसाची सरकी काढायचे एक जीन बंद पडले होते आणि तिथल्या सुतारखात्यातले सामान विकायला काढले होते. खांबांचे काम यांनी घेतलेच, आणि खराद बघायला आम्ही दोघे गेलो. मी कशाला, असे शेजारणीने विचारले. हे म्हणाले, “जी फिरावनार शे, तिनीच देखाले पाहिजे.” एवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

तिथे दोन खराद होते. एक मध्यम आकाराचा, खाली पायटा असलेला. कातणाऱ्याने उभे राहून एका पायाने पायटा दाबायचा, की लाकूड एकाच दिशेने फिरत राहते. दुसरा चांगला लांब, त्याच्यामागे माझ्या खांद्याएवढे उंच लोखंडी चाक. चाक दुसऱ्याने मुठीने फिरवायचे, मधून चामड्याचा पट्टा. दोन्ही उभ्याने चालवायचे. जीनचा म्हातारा मिस्त्री पायट्याच्या खरादावर हात ठेवून म्हणाला, “हा घ्या. लांब लाकडासाठी याला पुढं जोड देता येईल. पाय उचलला की थांबतो.”

हे खाली वाकून पायटा बघत राहिले.

“आनी मंग पटाशी कोनी धराची?” त्यांनी विचारले.

“दोन हातांनी.”

“मन्हा पाय पायट्यावर गुतना, तर मी काय काम करसू?”

मिस्त्री हसला. “अहो, हातांनी करतात जगात सगळे!”

“जगले करू दे,” हे म्हणाले.

मला चाकाकडे बघून बरे वाटत नव्हते. मी हळूच ती मूठ फिरवली. चाक सुरुवातीला हलेना, मग फिरू लागले. मी मूठ सोडली तरी फिरतच राहिले. मी यांना म्हटले, “माय वं, हाई थांबत नही!”

“थांबाडाले कसाले पाहिजे? एकसारखं फिरी ऱ्हायनं म्हंजे काम लवकर. आनी मन्हा पाय मोकळा ऱ्हास.”

पाय मोकळा राहतो, या एका गोष्टीवर आम्ही मोठा खराद निवडला. आजही त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. ज्याचा पाय हाच हात आहे त्याने दुसरे काय निवडावे?

घरी आणल्यावर यांनी त्याचे लोखंडी पाय काढून टाकले आणि तो सागाच्या दोन ओंडक्यांवर जमिनीलगत बसवला. बसवायला आलेल्या मिस्त्रीने कपाळाला हात लावला. “भाऊ, हे उभ्यानं चालवायचं यंत्र आहे.”

“मन्हा बाप बठीसन काम करे. त्याना बापबी.”

पहिले दोन खांब सुरेख उतरले. मी अंगणात उभी राहून चाक फिरवी. पट्ट्याची फडफड, लाकडाच्या लांबलचक साली, बघायला जमलेली गल्ली. शेठजी येऊन गेले आणि यंत्रयुगावर थोडे बोलले. हे माझ्याकडे बघून हसले, पण माझ्या हातात दोरी नव्हती. चाकाच्या मुठीतून पटाशीचे काहीच कळत नाही.

तिसऱ्या खांबात गाठ होती. सातपुड्यातला साग, त्यात गाठ असणारच. जुन्या खरादावर गाठ आली की दोरी जड व्हायची, एवढेच. या वेळी मला एक धक्का जाणवला आणि यांचा आवाज आला, “थांबाड! थांबाड!”

मी मूठ सोडली. चाक फिरत राहिले. मी आऱ्यांवर हात घातला, माझे मनगट मोडले, आणि चाक तरी फिरत राहिले. शेवटी शेजाऱ्याने पट्टा ओढून पाडला. गाठीत अडकलेल्या पटाशीबरोबर यांचा पाय फिरत्या लाकडात ओढला गेला होता.

सरकारी दवाखान्यात डाव्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला. बाकीचा पाय वाचला म्हणून डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले. त्यांच्या दृष्टीने पाय म्हणजे चालायची वस्तू. काठी घेऊन हे चालू लागले, तेव्हा भेटायला येणारे म्हणत, “चला, सुटलात.” हे मान हलवत.

उरलेले खांब शेजारच्या कोरीट गावच्या एका सुताराने रंध्याने गोल करून दिले. समारंभाच्या दिवशी मी लांबून पाहिले. सगळ्या खांबांना खालपासून वरपर्यंत लाल-पांढरे कापड गुंडाळले होते. कातलेले कोणते आणि रंधलेले कोणते, ते देवालाही सांगता आले नसते. साहेब उशिरा आले आणि लवकर गेले.

मोठा खराद अंगणात गंजत पडला. माझे मनगट जुळल्यावर यांनी जुना खराद पुन्हा मांडला. मी दोरी घेतली, त्यांनी पटाशी घेतली. पाते दाबायला काही नव्हते. टाचेने दाबून पाहिले, गुडघ्याने पाहिले. पटाशी लाकडावरून घसरून ओसरीत लांब उडाली. मग हे सरकत सरकत माझ्या जागेपाशी आले आणि म्हणाले, “ऊठ. तू तठे बठ.”

खरादीच्या घरात बाईने पटाशी धरल्याचे कोणी ऐकले नव्हते. आम्ही ओसरीला आडोशासाठी बांबूचा तट्ट्या लावला. पदर खोचून मी त्यांच्या जागी बसले, पाते अंगठ्याखाली धरले. माझा अंगठा मऊ होता, पहिल्या दिवशीच सोलला. पण लाटणे लाटण्यासारखे झाले.

तेव्हापासून तसेच चालले आहे. गिऱ्हाईकाला वाटते, माल हेच करतात. कातकाम मला आता बऱ्यापैकी येते, आणखी चांगलेही येईल, पण त्याला लाकूड वेगाने फिरावे लागते. हे दोरी ओढतात ती इतकी हळू, की पटाशी कापण्याऐवजी घासत राहते. लाटण्यावर बारीक लाटा उठतात आणि मग मला त्या काचकागदाने घासाव्या लागतात.

“जोरमा ओढा ना,” मी म्हणते.

“ओढी ऱ्हायनू,” हे म्हणतात. पण ते लाकडाकडे बघत नाहीत, माझ्या पायाकडे बघत असतात. दोरी जराशी जड झाली किंवा नुसता माझा श्वास बदलला, तरी त्यांचा हात थांबतो.