सही झाल्याशिवाय स्कूटर हलायची नाही

अख्ख्या भोपाळात विमानासारखी तपासणी होऊन सुटणारी स्कूटर एकच, ती माझी. आणि तपासणारे माझे सासरे. बाबांची सारी नोकरी हवाई दलात, लढाऊ विमानांच्या देखभालीत गेली. सासूबाई गेल्यावर ते कोलार रोडला आमच्याकडे राहायला आले आणि आठवडाभरात आमच्या गल्लीची धावपट्टी झाली. रोज सकाळी डबा घेऊन ते गल्लीतले खडे वेचतात. एवढासा खडा इंजिनात गेला तर विमानाची वाट लागते, हे त्यांनी भाजीवाल्यालाही पटवलंय. तो बिचारा आता दोनचार खडे आणून देतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी झारा, उलथणं, डाव, सगळ्यांच्या आकृत्या काढल्या आहेत, कारण एक हत्यार जरी जागेवर नसलं तरी विमान सोडायचं नसतं. एकदा पाहुणे पानावर बसलेले आणि एक डाव सापडेना, म्हणून वाढप अडलं. डाव श्रीखंडाच्या पातेल्यात निघाला. "इंजिनात निघाला असता तर?" बाबांनी विचारलं. 

मी एम. पी. नगरच्या ऑफिसला निघालो की ते स्कूटरला प्रदक्षिणा घालतात, टायर दाबतात, ब्रेक ओढून बघतात आणि वहीत सही करतात. खाली माझी सही. संध्याकाळी पुढे लिहितात, 'परत आले.' सुरुवातीला मी जाम वैतागायचो. शेजारी हसायचे ते वेगळंच.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी ड्रोन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. एकदा जेवताना टीव्हीवर लढाईची बातमी चालू होती. ती म्हणाली, "आजोबा, सिंपल है ना. काही लाखांचं ड्रोन पाडायला करोडोंचं विमान उडवायचं, वर महागडी मिसाइल सोडायची. दहा पाडा, अकरावं येतंच. घाटे का सौदा आहे."

"त्या ड्रोनची सही कोण करतं?"

"सही कशाला? ते जाऊन आदळतं. परत थोडीच येतं?"

बाबा पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत खडे तसेच पडलेले. भाजीवाला दोनदा विचारून गेला. माझी स्कूटर बिनतपासणीची सुटली. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं, पण मला चैन पडेना. पोरगी रडवेली झाली. तिचं गणित चुकलं नव्हतं, हे बाबांनाही कळत होतं, म्हणून तर लागलं होतं. जे आयुष्यभर जिवापाड जपलं ते आता परवडत नाही, हे सत्तरी उलटल्यावर नातीकडून ऐकायचं म्हणजे काय. मला फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी मी हेल्मेट घालून स्कूटरपाशी उभाच राहिलो. "बाबा, सही राहिली."

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "जुनीपुराणी स्कूटर ती. तिला कसली सही, जावईबापू?"

"स्कूटरचं जाऊ द्या. मला परत यायचंय ना."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग उठले, टायर दाबला, हवा कमी आहे म्हणून मलाच झापलं आणि वही आणली. मागोमाग मुलगी तिची स्कूटी घेऊन मुकाट्याने रांगेत उभी राहिली.

आता त्यांची सही वेडीवाकडी होते. संध्याकाळी ते वही घेऊन फाटकाशी उभे असतात, आणि आम्ही दोघं येईपर्यंत पेनाला टोपण लावत नाहीत.