टिटवीची अंडी आणि बांधातली घूस

शाळा सातवीत सुटली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर परभणीकडून आळे गावात शेतावर राबायला आले. मालकांनी विहिरीवरची मोटारीची खोली राहायला दिली. मालकीणबाई कालवण द्यायच्या, तापात औषध आणायच्या. त्यांचे उपकार मी आजही विसरले नाही. पण आपली खोली जाईल ही धास्ती जेवतानाही सुटायची नाही.

त्या मे महिन्यात पडीक तुकड्यात टिटवीनं चार अंडी घातली. मालकांचे वडील, आबा, काठी टेकत बघून आले. म्हणाले, "चार अंडी, चार म्हैने पाऊस. तिकडं कुनी फिरकू नका." ट्रॅक्टरवाल्यानं नांगरताना तेवढी जागा गोल सोडली. माणूस दिसला की टिटवी ओरडत डोक्यावर झेपावायची. लोक हसून वाट बदलायचे.

शेजारच्या बांधात घूस होती. ती कुणावर ओरडत नव्हती.

मालक मला म्हणाले, "बांध लई पोखरलाय. लाव पाईप बिळाला."

मी लावला. घूस भिजून वर आली, नवऱ्यानं फावडं घातलं. मागून पाण्यावर गुलाबी पिल्लं तरंगत आली. सहा.

आबा म्हणाले, "मोजा की राव. हिचा किती म्हैने पाऊस?"

सगळे हसले. मीही हसले.

इतक्यात मालकीणबाईंनी चहाला हाक मारली. सगळे वस्तीकडे गेले, मीही पाईप तसाच चालू ठेवून गेले. परत आले तर पाणी बिळाच्या दुसऱ्या तोंडानं पडीक तुकड्यात निघालेलं. अंडी चिखलात लोळत होती, दोन फुटलेली. वर टिटवी किंचाळत होती. मी मोटार बंद केली, चारी अंडी उचलली आणि बिळात आत हात घालून कोंबली. उन्हानं संध्याकाळपर्यंत चिखल वाळला.

दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "अंडी कुठं गेली गं?"

"घुशीनं नेली असतील, आबा. अजून एक हाय बांधात."

आबांनी बांध खणायला लावला. अंडी सापडली. पुढं खरंच दुसरी घूसही सापडली. तिला सावकाश मारलं आणि शेपटीनं बाभळीला टांगलं, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून.

मी मागं सरकले, तर मालकीणबाईंनी माझा हात धरला. "तू कशाला भितीस? तुझा काय दोष त्यात?"

टिटवी पुढं कितीतरी दिवस त्या मोकळ्या जागेवर ओरडत फिरली. त्या खोलीत आम्ही आठ वर्षं काढली.