घरच्या पोराचं काय वाचायचं

राजाजीनगरातल्या नोंदणी कचेरीसमोर बसून खंडोजींनी छत्तीस वर्षं लोकांची खरेदीखतं लिहिली. कानडीत लिहायचे, कानडीतच भांडायचे. गिऱ्हाईक घाईनं सही करायला लागलं की पेन मागं ओढायचे. "मोदलु ओदी, सार." आधी वाचा, साहेब. मराठी मात्र उंबऱ्याच्या आत. घरात आले की चष्मा काढून टीव्हीवर ठेवायचे.

रविकिरण आला तेव्हाही चष्मा तिथंच होता. बहिणीचा मुलगा, ह्यांच्याच मांडीवर वाढलेला. मारतहळ्ळीत ऑफिसची इमारत घ्यायची, चाळीस जणांनी पैसे घालायचे, कारभार त्याची कंपनी बघणार.

"तुमी काई करू नका, मामा. घरी बसा, भाडं येतंय."

"न्हाई आलं तर, रव्या?"

"अय्यो, मी हाय की!"

बायको मालनबाई आतनं ओरडल्या, "स्वल्प वाचा तरी! कराराची बावन्न पानं हाईत."

"घरच्या पोराचं काय वाचायचं गं? सरी, आण इकडं."

यशवंतपूरचा प्लॉट विकून आलेले तीस लाख, दोघांचं सगळं म्हातारपण, त्या एका 'सरी'त, कानडी 'बरं'मध्ये, गेलं.

सव्वा वर्ष भाडं आलं. मग भाडेकरू कंपनी उठून गेली आणि पत्र आलं: अजून सहा लाख भरा, नाहीतर तुमचा हिस्सा कमी होईल.

खंडोजींनी घरात चष्मा घातला आणि करार उघडला. इमारत रिकामी असली तरी कारभाऱ्याची फी आधी. सात वर्षं पैसे काढायचे नाहीत. आणि एकोणतिसाव्या पानावर, बारीक अक्षरात: इमारत विकणाऱ्या कंपनीत कारभाऱ्याची भागीदारी आहे. म्हणजे पोरानं आपलीच इमारत मामाच्या गळ्यात मारली होती, आणि तसं लिहूनही दिलं होतं.

"गिऱ्हाइकाला मी हितं सही करू दिली नसती," ते म्हणाले.

रविवारी रविकिरण चपला काढून आत आला. "मामा, सहा लाखाचं कसं करायचं?"

खंडोजींनी चष्मा पुसून घातला. "कूतकोळ्ळी, सार." बसा, साहेब.

तो हसला. "थट्टा करताय काय?"

खंडोजींनी एकोणतिसावं पान त्याच्यापुढं सरकवलं. "मोदलु ओदी, सार."

त्यानं पानाकडं बघितलं. मग बघेना. "मामा, मराठीत बोला की. अशानं तुमचा हिस्सा जाईल."

जाऊ द्या, हेही खंडोजी कानडीतच म्हणाले. "होगली, सार."